फिफ्थ व्हील कॅम्पर घ्यायचाय: माँटाना, रिफ्लेक्शन, ईगल की आर्क्टिक फॉक्स?

रानवाट

नमस्कार मंडळी. मी आणि बायको डॅलसजवळ राहतो. येत्या मार्चमध्ये मी नोकरीतून मोकळा होतोय. पंधरा वर्षं मनात घोळणारी गोष्ट आता करायची आहे: घर भाड्याने देऊन वर्षातले सात-आठ महिने कॅम्परमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात राहायचं. हिवाळ्यात ॲरिझोना आणि टेक्ससचा किनारा, उन्हाळ्यात कोलोरॅडो, वायोमिंग. माझी आई ७९ वर्षांची आहे. दर उन्हाळ्यात दोन महिने ती आमच्याकडे असते, आणि या फिरण्यातही ती सोबत येणार आहे.

मोटरहोम नको हे ठरलंय. इंजिन बिघडलं की राहतं घरच गॅरेजमध्ये जातं. साधा ट्रॅव्हल ट्रेलर तीनदा भाड्याने घेऊन ओढून पाहिला. ओक्लाहोमात आडवा वारा सुटला तेव्हा मागचा ट्रेलर असा डोलायला लागला की आम्ही पुढचा एक्झिट घेऊन दोन तास पेट्रोल पंपावर थांबलो. म्हणून फिफ्थ व्हील.

यादीत कीस्टोनचा माँटाना हाय कंट्री, ग्रँड डिझाइनचा रिफ्लेक्शन, जेकोचा ईगल आणि नॉर्थवूडचा आर्क्टिक फॉक्स आहेत. लांबी ३० ते ३३ फूट. नवा चालेल, वापरलेलाही चालेल. ट्रक आहे, रॅम २५०० डिझेल.

दीड महिना वाचतोय. प्रत्येक ब्रँडबद्दल दहा जण म्हणतात डोळे मिटून घ्या, आणि दहा जण म्हणतात ढुंकूनही बघू नका. दर्जा आणि भरवसा या दोनच गोष्टी बघायच्या तर कोणता ब्रँड? स्वतः वापरलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

अबोली_पुणे

वाचतेय. पण पाचवं चाक नक्की असतं कुठे? फोटोत तर दिसत नाही.

कळंबोलीकर

ताई, हे आमच्या रोजच्या कामातलं. जेएनपीटीतून कंटेनर घेऊन लांब ट्रेलर निघतात ना, त्यांच्या पुढच्या घोड्याच्या, म्हणजे ओढणाऱ्या गाडीच्या पाठीवर नालाच्या आकाराची जाड लोखंडी प्लेट असते, मध्ये खाच. ट्रेलरच्या पोटाखालून खुंटा येतो, तो किंगपिन. तो त्या खाचेत जाऊन अडकतो. त्या प्लेटला फिफ्थ व्हील म्हणतात. जुन्या घोडागाड्यांचा पुढचा आस वळावा म्हणून वर आडवं चक्र बसवायचे, चार चाकांनंतरचं ते पाचवं. नाव तिथून आलं.

तिकडच्या कॅम्परला हीच जोडणी लहान मापात, पिकअपच्या हौद्यात. वजन मागच्या आसावर किंवा किंचित पुढे पडतं, बंपरच्या मागे लोंबत नाही. म्हणून झोका कमी बसतो.

रानवाट दादा, तिकडच्या ब्रँडचं मी काही सांगू शकत नाही. पण जोडणी झाली की फक्त ट्रेलरचे ब्रेक धरून गाडी हळूच पुढे ओढून बघायची. आमच्याकडे नव्या पोराला पहिल्या दिवशी हेच शिकवतो. पिन नीट अडकली नसेल तर ती तिथेच, उभ्या जागी कळते.

वैशाखपालवी

रानवाट, हाच प्रश्न आम्ही २०१९ साली विचारत होतो. त्यानंतर आम्ही दोघं चार वर्षं फिफ्थ व्हीलमध्येच राहिलो, दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या. त्यांची नावं लिहीत नाही. का, ते पुढे येईलच.

आधी तुमची यादी कोणाच्या घरची आहे ते बघा. कीस्टोन २००१ पासून थॉर इंडस्ट्रीजची. जेकोही २०१६ पासून थॉरचीच. ग्रँड डिझाइन २०१२ मध्ये सुरू केली ती पूर्वी कीस्टोनमध्ये असलेल्या माणसांनी, आणि २०१६ मध्ये ती विनेबागोने घेतली. तुमच्या यादीत नसलेली फॉरेस्ट रिव्हर २००५ पासून वॉरन बफेंच्या बर्कशायर हॅथवेकडे आहे. या सगळ्यांचे मुख्य कारखाने इंडियानातल्या एल्कहार्ट काउंटीत, एकमेकांच्या शेजारी म्हणावे असे. कारागीर तेच, ते या कारखान्यातून त्या कारखान्यात जात असतात. खालचा लोखंडी सांगाडा बहुतेकांचा लिपर्ट या एकाच कंपनीकडून येतो. फ्रिज, एसी, भट्टी (हीटर), स्लाइडच्या म्हणजे बाहेर सरकणाऱ्या खोलीच्या भागाच्या मोटरी यांचे पुरवठादारही मोजकेच. चार ब्रँडचे दरवाजे उघडून आत बघा, नळ आणि कड्यासुद्धा ओळखीच्या वाटतील.

मग फरक पडतो तो जोडणीत. तिथे बऱ्याच ठिकाणी मजुरी नगावर आहे, जितक्या गाड्या बाहेर पडतील तितके पैसे. त्यामुळे एकाच मॉडेलच्या, एकाच आठवड्यात निघालेल्या दोन गाड्या वेगवेगळ्या निघू शकतात. लोकांची मतं परस्परविरोधी का आहेत याचं उत्तर मला यातच दिसतं. दहा जण खरं बोलतायत आणि उरलेले दहाही खरंच बोलतायत.

आमचं सांगते. दुसऱ्या हिवाळ्यात आम्ही टेक्ससच्या किनाऱ्यावर होतो. बेडरूमच्या स्लाइडच्या कोपऱ्यात कुबट वास यायला लागला. आठवडाभर मी चादरी धूत राहिले, मला वाटलं दमट हवेमुळे असेल. मग एका रात्री पलंगावरून उतरताना पाय जमिनीत किंचित दबला. नवऱ्याने तिथलं लिनोलियम उचललं तर खालचं लाकूड हाताने तुटत होतं. तंत्रज्ञाने शोधलं तेव्हा छताच्या कडेला, पट्टीच्या खाली, वीतभर जागेत सीलंटच लावलेलं नव्हतं. कारखान्यातून निघाल्या दिवसापासून पाणी तिथून मुरत होतं. वॉरंटी संपून पाच महिने झाले होते. आम्ही सहा आठवडे नणंदेकडे काढले. ज्या माणसाने ती पट्टी बसवली त्याच्यावर माझा राग नाही, त्याच्या मागे पुढची गाडी उभी असणार. राग येतो तो गाडी ताब्यात देणाऱ्या विक्रेत्याचा. त्याने तपासणीच्या कागदावर छतासमोर बरोबरची खूण केली होती, आणि छतावर कोणी चढलंच नव्हतं.

म्हणून माझा आग्रह असा. गाडी नवी असो की जुनी, पैसे देण्याआधी स्वतंत्र तपासनीस लावा. आरव्ही, म्हणजे अशा राहत्या गाड्या, तपासणाऱ्यांच्या नॅशनल आरव्ही इन्स्पेक्टर्स असोसिएशनचे प्रमाणित तपासनीस असतात. ओलाव्याचं मीटर भिंतींना लावणारा, छतावर चढणारा आणि गाडीला पाणी, गॅस, वीज जोडून सगळं चालवून बघणारा माणूस हवा. दारावरच्या आरव्हीआयएच्या, म्हणजे आरव्ही उद्योगाच्या संघटनेच्या शिक्क्यावर विसंबू नका. तो वीज, गॅस, आगीपासून सुरक्षितता यांच्या नियमांबद्दल आहे. सीलंट कसं लावलंय याच्याशी त्याचा संबंध नाही.

वर्ष बघून घ्या. २०२१ मध्ये उत्तर अमेरिकेत ६,००,२४० आरव्ही कारखान्यांतून बाहेर पडल्या, तो उच्चांक होता. २०२३ मध्ये आकडा ३,१३,१७४ होता. मधल्या घाईत सुटे भाग मिळत नव्हते, माणसं नवी होती. त्या काळातल्या सगळ्या गाड्या वाईट असं मी म्हणत नाही. पण २०२१-२२ ची असेल तर तपासणी दुप्पट कसून करा.

वॉरंटीचं पुस्तक सही करण्याआधी मागून वाचा. जेकोची मूळ वॉरंटी २ वर्षांची असते. इतर बऱ्याच कंपन्या १ वर्ष देतात आणि सांगाड्याला ३ वर्षं. काही कंपन्या गाडीत कायम राहणाऱ्यांना वॉरंटी नाकारतात. तुम्ही सात-आठ महिने राहणार, तेव्हा ते कलम शब्दशः वाचा. लेमन लॉ, म्हणजे सदोष गाडीची भरपाई मिळवून देणारा कायदा आहे या भरवशावर तर मुळीच राहू नका. अनेक राज्यांत तो ओढायच्या गाड्यांना लागूच होत नाही.

आणि दुरुस्ती कोण करणार हे आधी ठरवा. बरेच डीलर स्वतः विकलेल्या गाड्यांना आधी घेतात, बाकीच्यांना महिनोन् महिने थांबवतात. डॅलसच्या आसपास ज्या ब्रँडचं चांगलं सर्व्हिस सेंटर आहे तो ब्रँड तुमच्यासाठी आपोआप दोन पायऱ्या वर जातो.

काटकोन

वैशाखपालवी ताई, प्रतिसाद जपून ठेवला आहे.

रानवाट, ब्रँडच्या आधी एक काम करा. रॅमच्या ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडा. चौकटीवर एक स्टिकर आहे, त्यावर माणसं आणि सामान मिळून अमुक पाउंडांपेक्षा जास्त नको असं लिहिलेलं असतं. तो आकडा इथे टाका. माहितीपत्रकातली ओढण्याची क्षमता नको, दारावरचाच आकडा.

रानवाट

२,१६८ पाउंड. ओढण्याची क्षमता मात्र भरपूर आहे. डीलरने यादीतली कुठलीही गाडी आरामात ओढेल असं सांगितलं.

काटकोन

ओढेल. पेलणार नाही. बहुतेकांची चूक इथेच होते, म्हणून सविस्तर लिहितो.

फिफ्थ व्हीलच्या भरलेल्या वजनाचा साधारण २० ते २५ टक्के भाग किंगपिनमधून ट्रकच्या हौद्यात येतो. साध्या ट्रेलरचा १० ते १५ टक्केच येतो. तुमचे २,१६८ घ्या. तुम्ही दोघं ३३०, आई १२०, हौद्यातला हिच (जोडणीची प्लेट) १४०, अवजारं वगैरे १००. एकूण ६९०. उरले १,४७८. आता ज्याची कमाल मर्यादा १२,५०० पाउंड आहे असा कॅम्पर धरा. २० टक्के धरले तरी पिनवर २,५०० आले. म्हणजे तुम्ही हजाराने वर. रिकाम्या गाडीचं वजन दाखवून कोणी पटवून देत असेल तर ऐकू नका. रिकाम्या गाडीत कोणी राहत नाही. एक गॅलन पाणी ८.३ पाउंडांचं असतं, ६० गॅलनची टाकी भरली की ५०० पाउंड तिथेच गेले.

तुम्हाला एक टनी ट्रक लागेल, ३५०० किंवा त्याच्या बरोबरीचा. नाहीतर कॅम्पर बराच लहान करावा लागेल.

आता ब्रँडची तुलना करायची असेल तर माझ्या मते ती इथे करावी: आस आणि टायर. समजा गाडीवर कमाल वजन १६,५०० लिहिलंय आणि खाली ७,००० चे दोन आस आहेत. म्हणजे १४,००० आस पेलणार आणि २,५०० तुमचा ट्रक. कागदावर बरोबर, पण आसावर राखीव काहीच नाही. ई रेंजचा (रेंज म्हणजे वजन पेलण्याची श्रेणी, जी त्याच्या वरची) १६ इंची ट्रेलर टायर साधारण साडेतीन हजार पाउंड पेलतो. चार टायर, १४,०००. इथेही राखीव शून्य. जुलैमधल्या ॲरिझोनाच्या रस्त्यावर असा टायर फुटतो तेव्हा चाकावरची पत्र्याची कमान, गॅसची नळी, कधी कधी खालची जमीनही फाटते. ज्या गाडीला मूळचेच जी रेंजचे टायर आणि मोठे आस आहेत ती बनवणाऱ्याने तुमच्या सामानाचा विचार केला आहे. दिवाणखान्यातली विजेची शेकोटी बघू नका, खाली वाकून आसावरची पाटी बघा.

टायरवर छापलेल्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे बघा, ती टायर बनल्याची तारीख. ३५१९ म्हणजे २०१९ चा ३५ वा आठवडा. खाचा कितीही खोल दिसोत, पाच-सहा वर्षांपुढचा ट्रेलर टायर मी ठेवत नाही.

अबोली_पुणे

माझा प्रश्न साधा होता, त्यातून एवढं शिकायला मिळालं. धन्यवाद सगळ्यांना.

देवदारू

सगळे ब्रँड सारखेच हे मला पटत नाही, म्हणून लिहितोय. आम्ही सहा वर्षं आर्क्टिक फॉक्स वापरतोय, वॉशिंग्टन राज्यात. नॉर्थवूडचा कारखाना ओरेगनमधल्या ला ग्रांडला आहे, एल्कहार्टपासून दोन हजार मैलांवर, आणि ते सांगाडा स्वतः बनवतात. खडबडीत जंगलरस्त्यांवर आमच्या गाडीचे सांधे हललेले नाहीत. नोव्हेंबरात डोंगरात राहिलो तेव्हा टाक्या गोठल्या नाहीत. हा फरक खरा आहे.

पण त्याची किंमतही सांगतो. गाडी तिच्या लांबीच्या मानाने जड आहे. आतली सजावट जुन्या वळणाची. आणि त्यांचे डीलर बहुतांशी पश्चिमेकडे आहेत, तेव्हा डॅलसच्या माणसाने हे धरूनच निर्णय घ्यावा.

"फोर सीझन" (थंडीतही चालेल अशी गाडी) या शब्दाबद्दलही एक. त्याला कुठलंही प्रमाण नाही, कोणीही छापू शकतं. पोटाखालचं आवरण बंद आहे का, भट्टीची गरम हवा टाक्यांपर्यंत जाते का, पाणी सोडायचे व्हॉल्व्ह आत आहेत की उघड्यावर, हे वाकून बघा.

वैशाखपालवी

देवदारू, मान्य. माझं वाक्य एल्कहार्टच्या मोठ्या कंपन्यांपुरतं घ्यावं.

मिशिगनकाठ

मी शिकागोजवळ राहतो. गेल्या वर्षी एल्कहार्ट काउंटीतल्या मिडलबरी आणि गोशेनला जाऊन दोन कारखाने आतून बघितले. जेको आणि ग्रँड डिझाइन दोन्ही मिडलबरीच्या. रस्त्यावर आमिश (जुन्या साध्या पद्धतीने राहणारा ख्रिस्ती पंथ) लोकांच्या बग्ग्या, आणि कारखान्यांत काम करणाऱ्यांतही आमिश पुष्कळ. पहाटे लवकर काम सुरू होतं आणि दुपारी संपतं. हात किती वेगाने चालतात ते बघून आदर वाटला. छत चढवायच्या आधी भिंतीतल्या तारा आणि नळ्या उघड्या दिसतात, ते बघायलाच जावं. एका ठिकाणी तारा क्लिपने बांधून घेतलेल्या, दुसरीकडे भोकातून नुसत्या ओढलेल्या, पत्र्याची धार तिथेच. हे विक्रीच्या अंगणात उभ्या असलेल्या गाडीत कधीच दिसणार नाही.

नव्या कंपन्याही बघा. अलायन्स २०१९ मध्ये सुरू झाली, ब्रिंकली २०२२ मध्ये. दोन्हींनी मोठे आस, चांगले टायर, हात पोचेल अशी पाण्याची जोडणी यांवर भर दिलाय. फक्त यांच्या गाड्या दहा वर्षांनी कशा असतात हे बघायला अजून दहा वर्षं झालेली नाहीत.

सागरगोटा

छोटा कॅम्पर चालणार असेल तर फायबरग्लासचे बघा. कॅनडातल्या चिलीवॅकची एस्केप ५.० साधारण २१ फुटी आहे, मिनेसोटाची स्कँप १९ फुटी. दोन कवचं जोडून केलेल्या, छताला सांधे फारच कमी, त्यामुळे गळायच्या जागाही कमी. तिघांना सात महिने मात्र कठीण.

चिंचगूळ

स्वयंपाकाचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आपल्यासाठी हा दर्जाचाच प्रश्न आहे.

शेगडीवरचा पंखा धूर बाहेर टाकतो की जाळीतून गाळून परत आतच सोडतो, हे आधी बघा. दुसऱ्या प्रकारात मोहरी-हिंगाची फोडणी केली की तीन मिनिटांत स्मोक अलार्म वाजतो आणि वास आठवडाभर छताच्या कापडात राहतो. पंखा बाहेरचा असेल तर बाहेरून झडप उघडतेय ना ते बघा, आमची वाहतुकीच्या क्लिपने बंद होती आणि आम्हाला महिनाभर कळलं नाही. छतात मोठा पंखा स्वयंपाकघराच्या वर हवा. कुकरची वाफ वरच्या कपाटाच्या तळाला लागून तिथला कागदी मुलामा सुटतो, म्हणून शेगडी आणि कपाट यांत किती अंतर आहे ते हाताने मोजा.

फ्रिज १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला असेल तर तो भराभर थंड होतो, गाडी थोडी कललेली असली तरी चालतो, पण बॅटऱ्या खातो. गॅसवर चालणारा जुन्या पद्धतीचा फ्रिज समपातळीत लागतो आणि टेक्ससच्या उन्हात दही आंबट करतो. दोन्ही वापरलेत. मी पहिला घेईन.

आईंसाठी: फिफ्थ व्हीलमध्ये बेडरूम हिचच्या वर असते, म्हणजे दारातल्या पायऱ्या चढल्यावर आत आणखी दोन-तीन पायऱ्या. रात्री बाथरूमला उठणाऱ्या माणसाला त्या उतरायला लागतात की नाही, हे नकाशात बघा. बाहेरच्या पायऱ्या घट्ट जमिनीवर टेकणाऱ्या हव्यात, लटकणाऱ्या नकोत. आईंना घेऊनच गाडी बघायला जा.

रानवाट

मंडळी, अडीच महिन्यांनी येतोय. उशीर झाला, पण रिकाम्या हाताने यायचं नव्हतं.

काटकोन यांचा हिशेब मी ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर जाऊन पडताळला. ते बरोबर होते. रॅम २५०० विकला, ३५०० घेतला, दारावर ३,९८० आहे.

नव्या गाड्या सोडल्या. पहिली वापरलेली गाडी बाहेरून इतकी देखणी होती की बायकोने पडद्यांचा रंगही ठरवला होता. तपासनीसाने बेडरूमच्या खिडकीखाली मीटर लावलं आणि काही न बोलता आकडा मला दाखवला. मग त्याने गाडीचे पुढचे टेकूचे पाय वरखाली केले आणि मला पुढच्या कोपऱ्याकडे बघायला सांगितलं. पिनवरचं कवच आणि भिंत यांमधली फट उघडमीट करत होती. आम्ही तिथूनच परत आलो. नाव लिहीत नाही, वैशाखपालवी ताईंच्याच कारणाने. त्या रात्री तपासणीची फी आठवली नाही, नणंदेकडचे ते सहा आठवडे आठवले.

दुसरी गाडी सॅन अँटोनियोला मिळाली: जेको ईगल, २०२० ची, निवृत्त शिक्षक जोडप्याची. त्यांच्याकडे वही होती. छताच्या सीलंटची तपासणी दर सहा महिन्यांनी, तारीख घालून. बेअरिंगला ग्रीस कधी भरलं, टायर कधी बदलले, सगळं. तपासनीसाने साडेपाच तास घेतले. पाणी तापवायच्या टाकीतला ॲनोड रॉड झिजलेला निघाला, तो तसाही झिजण्यासाठीच असतो. ओलावा कुठेही नाही. सुरक्षेच्या कारणाने परत बोलावलेल्या गाड्यांची नोंद एनएचटीएसए या अमेरिकी वाहनसुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर गाडीच्या क्रमांकाने बघितली, काही बाकी नाही. शेगडीवरचा पंखा बाहेर टाकणारा आहे. चिंचगूळ ताई, झडपेची क्लिप आधी बघितली. आई पायऱ्या तीनदा चढली-उतरली आणि म्हणाली, आतल्या पायऱ्यांना एक कठडा लाव. तो लावलाय.

खरं सांगायचं तर त्या वहीच्या जागी दुसऱ्या ब्रँडची वही असती तर आज माझ्याकडे तो ब्रँड असता.

पुढच्या आठवड्यात पहिला लांब प्रवास, किनाऱ्याकडे.

वैशाखपालवी

फार आनंद झाला. ती वही पुढे चालू ठेवा, त्याच पानांवर.

कळंबोलीकर

अभिनंदन दादा. प्लेटला ग्रीस लावलं का? आणि ओढून बघितलं का?

रानवाट

ओढून बघितलं, दोनदा. ग्रीसच्या ऐवजी किंगपिनवर प्लास्टिकची गोल चकती बसवली आहे, विकणाऱ्या काकांनीच दिली. ती किती मैलांनी बदलायची?

कळंबोलीकर

मैलांवर जाऊ नका. दर वेळी सोडताना हाताने चाचपून बघा. चीर दिसली किंवा एका बाजूने पातळ लागली की त्याच दिवशी बदला. एक जास्तीची गाडीत ठेवा.